फ्लास्क निवण्याआधी

अठरा वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका दुपारी, हेब्बाळजवळच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत गरम सल्फ्युरिक आम्लाचा फ्लास्क फुटला. आज बॅटरीच्या दुकानासमोर तोच घसा खरवडणारा वास आला.

नाचणीच्या शेतातल्या मातीत नत्र किती आहे हे मोजण्यासाठी आम्ही ती आम्लात उकळत असू. फ्लास्क निवल्यावरच त्यात पाणी घालायचं असतं, नाहीतर आम्ल उसळतं.

"अण्णा, स्वल्प थांबा," सहकारी सुमतीअक्का म्हणाल्या.

"अक्का, तुमचं थांबणं निवृत्तीपर्यंत चालेल," तंत्रज्ञ रघुअण्णा हसले. धुरकटलेला संरक्षक चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला आणि पाणी ओतलं.

काचा छतापर्यंत उडाल्या, आम्ल अण्णांच्या डोळ्यांत गेलं. अण्णा किंचाळत डोळे चोळू लागले. अक्कांनी त्यांची मान धरून तोंड नळाखाली दाबलं आणि मिटलेल्या पापण्या बोटांनी फाकवल्या. अण्णा लाथा झाडत होते. त्यांचं कोपर लागून अक्कांचा दात पडला, तरी त्यांनी पकड सोडली नाही. मला तेव्हा तो छळ वाटला. मी अक्कांना मागे ओढू लागलो.

"अरे, डोळे जातील त्यांचे! पाय धर!"

मी पाय धरले. नळ वीस मिनिटं चालू होता.

अण्णांचा डावा डोळा गेला. उजव्या डोळ्याने ते अजून वाचतात.