हंगामाचा पहिला नांगर

पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते आणि सिदेरिस फोतिसच्या हाताकडे बघत होता. फोतिसचा हात क्रूस काढायला कपाळाकडे गेला की आपलाही न्यायचा. असं करत त्याने सगळी प्रार्थना निभावून नेली. शेवटी पाद्रीबाबांनी तुळशीची जुडी पाण्यात बुडवून होडीवर शिंपडली. ते थेंब तेवढे त्याला कळले. गार होते.

नुकताच ईस्टर झाला होता. लेरोस या ग्रीक बेटावर याच दिवसांत होड्या पाण्यात उतरतात. हिवाळाभर त्या जमिनीवर टेकू लावून उभ्या असतात. मग बूड खरवडायचं, रंगवायचं, इंजिनात नवं तेल घालायचं, आणि एका सकाळी क्रेनने उचलून समुद्रात सोडायचं. 'त्रिगोना' अशीच उतरली. त्रिगोना म्हणजे होला. होला पक्ष्याचं नाव घेतलेली ही जुनी शिडाची यॉट तिघा मित्रांच्या मालकीची होती. अन्थुला शाळेत गणित शिकवायची, सुकाणू तिच्याकडे. फोतिस न्हावी, स्वयंपाक आणि गप्पा त्याच्याकडे. सिदेरिस जन्मभर विजेच्या खांबांवर चढला. नांगर त्याच्याकडे.

हिवाळ्यात त्याचे कान गेले. एकदम नाहीत. आधी शेजारचा कोंबडा गेला, मग दाराची बेल, मग कौलांवरचा पाऊस. मुलीने ऱ्होड्सच्या मोठ्या बेटावर नेऊन कानाचं यंत्र घेऊन दिलं. वाऱ्यात ते शिट्टी मारायचं. म्हणून ते रुमालात गुंडाळून खिशात पडलं होतं. समोरून बोललेलं त्याला ओठांवरून कळायचं. अन्थुलाचं सोपं होतं. ती अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं तोंड उघडून बोलायची. फोतिसच्या मिशा आड यायच्या. मग सिदेरिस नुसता हसायचा. फोतिसच्या बोलण्याला तेवढं पुरायचं.

दोघांना त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. कारण नांगर.

इथल्या बंदरांत होडी उलटी लावतात. धक्क्यापासून लांब, पुढच्या टोकावरून नांगर सोडायचा, आणि साखळी सोडत सोडत होडी मागे धक्क्याला न्यायची. नांगरवाला पुढे, सुकाणूवाला मागे. नांगरवाल्याची पाठ सुकाणूकडे. मधे वारा आणि इंजिन. जे काही सांगायचं ते ओरडून. त्यात त्रिगोनावर एक जुना नियम होता. हंगामाचा पहिला नांगर जो टाकेल, पानगळीपर्यंत नांगर त्याचाच. आजवर तो सिदेरिसचाच राहिला होता.

नांगर गेला की माणसाचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं. एका वर्षी फोतिसचा मेव्हणा बरोबर आला. कंबर धरलेली. बाकावर बसून हातात दिलेला पेला सांभाळणं एवढंच काम त्याला दिलं. बेटावर त्याला अजून 'गाठोडं' म्हणतात.

पहिली फेरी नेहमी शेजारच्या लिप्सी बेटाची. दुपारच्या जेवणाला तिथे पोचायचं. वारा बरा होता. शीड भरलं, बेटं बाजूने सरकली. फोतिसने काकडी कापली. अन्थुला गात होती, असं सिदेरिसला तिच्या हनुवटीवरून वाटलं.

लिप्सीच्या धक्क्यावर गर्दी होती. होडी उलटी येताना दिसली की धक्क्यावरचा प्रत्येक माणूस कप्तान होतो. कॉफी खाली ठेवून सल्ला द्यायला उठतो. सिदेरिसने नांगराचा खटका सोडवला. दरवर्षी तो चर्चचा निळा घुमट आणि धक्क्यावरचं झाड एका रेषेत आलं की नांगर सोडायचा. ते आलं. त्याने सोडला. साखळीची थरथर तळपायांना कळली. चांगली गेली, असं त्याला वाटलं.

मागे वळला तेव्हा धक्क्यावर सगळी तोंडं उघडी होती. अन्थुलाचं सर्वांत मोठं.

शेजारच्या निळ्या होडीची साखळी यंदा तिरकी पसरली होती. अन्थुलाने ती उशिरा पाहिली. टाकू नकोस, म्हणून ती घसा फुटेस्तोवर ओरडली होती. नांगर थेट त्या साखळीच्या पलीकडे पडला, आणि त्रिगोनाची साखळी तिच्यावर आडवी. दोर कसेबसे धक्क्याला बांधून होतात तोच निळ्या होडीचा मालक आला. कालिम्नोस बेटावरचा, रुंद गडी. सिदेरिससमोर उभा राहून म्हणाला, "काका, मला आत्ता निघायचंय. माझ्या साखळीवर तुमचा नांगर. काय करू, तुमची वरात घेऊन जाऊ?"

फोतिस त्याच्याशी भांडायला धावला. वारा आला होता, सूर्य डोळ्यांवर होता, तुझीच साखळी वेडी पसरली, असं बरंच काही सांगत होता.  अन्थुला पुढे येऊन सिदेरिसच्या मागे उभी राहिली. तिने काय म्हटलं ते त्याला नंतर कळलं. ती म्हणाली होती, तुझी पँट मागून उसवली आहे.

त्याचा हात मागे गेला नाही. मग ती वळसा घालून समोर आली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"सिदेरिस, बाईंना फसवू नकोस. मागच्या बाकावरची मुलं याहून बरं खोटं बोलायची."

तो साखळीकडे बघत राहिला. "नाताळच्या आधीपासून."

"आणि आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझं गाठोडं केलं असतं."

अन्थुलाने लगेच नाही म्हटलं नाही. ती मैत्रीण होती. "केलं असतं," ती म्हणाली. "बहुतेक केलंच असतं." मग निळ्या होडीकडे पाहिलं, आणि विचारलं, "खांबावर चढलास की खालच्या माणसाला कसं सांगायचास? तिथे कुणाला काय ऐकू यायचं?"

"हाताने."

"मग सांग. या खेपेला मी विचारणार नाही. तू सांगशील ते मी करीन."

दोर सुटले. सिदेरिस पुढे गुडघ्यावर बसला. त्याने डावा हात उंच केला, होडी हळूच पुढे सरकली. मूठ वळली, थांबली. साखळी वर येऊ लागली, जड, चिखलाळलेली. नांगराच्या आकड्यात निळ्या होडीची साखळी अडकून आली. त्याने दोर घालून ती टांगून धरली, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा केला आणि दोर ओढून घेतला. परकी साखळी पाण्यात गेली. वाऱ्याने होडीचं तोंड फिरू लागलं. एकदा वाटलं, आता शेजाऱ्यावर जाणार. त्याने मागे न बघता हात आडवा केला. अन्थुलाने मागे न विचारता सुकाणू वळवलं. होडी सरळ झाली.

त्याच्या हाताला घाम आला होता. त्याने तो न उसवलेल्या पँटला पुसला आणि दुसऱ्यांदा जागा हेरली. घुमट नाही, झाड नाही. शेजारच्या साखळ्या एकेक करून नजरेने मोजल्या, मगच मूठ उघडली. नांगर गेला. साखळी ताणली. नांगराने तळ धरला.

धक्क्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडायला कुणाला काही सापडलंच नाही. कालिम्नोसवाला निघता निघता फोतिसपाशी थांबला. "भांडण झालंय का यांचं?" त्याने विचारलं. "कुणी कुणाशी बोलतच नाही."

जेवायला तळलेली मासळी होती, उकडलेला रानपाला लिंबू पिळून, आणि बडीशेपेच्या चवीची दारू, उझो. अन्थुलाने फोतिसला सांगून टाकलं. फोतिसने बोटांनी मिशी वर धरून सिदेरिसला विचारलं.

"म्हणजे हिवाळाभर माझ्या विनोदांना तू उगाच हसलास?"

"त्याआधीही उगाचच हसायचो."

फोतिसने खानावळवाल्याकडून कात्री मागितली आणि चमच्याच्या पाठीत बघत ओठांवरची मिशी कातरली. कापणी वाकडी झाली. एवढा नावाजलेला न्हावी. मग त्याने नव्या ओठांनी मुद्द्याचं विचारलं. नियमाप्रमाणे पहिला नांगर चुकला, तर यंदा नांगर कुणाचा?

सिदेरिसने काटा खाली ठेवला.

"पहिला कुठला?" अन्थुला म्हणाली. "तो दुसऱ्याच्या साखळीत अडकला. स्वतःच्या जोरावर धरला तो हा. मोजायचा तर हाच पहिला."

"पुन्हा सांग," सिदेरिस म्हणाला.

"कळलं नाही?"

"कळलं. तरी सांग."