आमचे साडू मुंबईच्या कंपनीने घेतले

ती बातमी मला माझ्या साडूंनीच दिली. फोनवर आवाज असा, की घरातलं कोणीतरी दवाखान्यात आहे.

"अमरावतीकर, बसून हा ना? मंग ऐका. आपला सिनेमा विकला."

ज्यांनी आमचा सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन साडू, एक अकोल्याचा, एक अमरावतीचा, आणि सासरवाडी एक. एवढीच गोष्ट. पहिल्या भागात ते सासरवाडीत मानाच्या पाटावरून भांडतात, दुसऱ्यात मेहुण्याच्या लग्नात वरातीच्या घोड्यावरून, आणि तिसऱ्यात दोन्ही कुटुंबं एका जीपने चिखलदऱ्याला निघतात आणि गाडी कोणी चालवायची या वादात परतवाड्यालाच मुक्काम करून परत येतात. चिखलदरा शेवटपर्यंत दिसत नाही. हे तिन्ही भाग अकोल्याच्या एका ढेप-सरकीच्या व्यापाऱ्याने हौसेने काढले होते. नट नाटकांतले, घरं नातेवाइकांची, आणि आवाजाची बाजू इतकी कच्ची की नायिकेपेक्षा मागच्या गल्लीतलं कुत्रं जास्त स्पष्ट ऐकू यायचं. पुण्याच्या माणसाला यात काय आहे असं वाटेल. वाटो. पण आमच्याकडे त्या सिनेमाची वाक्यं लोक लग्नाच्या पंगतीत म्हणतात.

आता माझी अडचण. हा सिनेमा येण्यापूर्वी माझ्यात आणि माझ्या साडूंत बोलण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं. ते अकोल्याचे, वीज खात्यातले, थोरले जावई. मी अमरावतीचा, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा, धाकटा. दिवाळीला तेल्हाऱ्याला सासरी जमायचो तेव्हा आम्हाला एका खोलीत बसवून सगळे निघून जायचे. ते विचारायचे, "पाऊस कसा तिकडं?" मी म्हणायचो, "बरा आहे. तिकडं?" तेही म्हणायचे, बरा आहे. मग पंख्याकडे पाहायचं. पहिलं ताट त्यांच्यापुढे यायचं आणि मला त्याचा राग यायचा, पण तो दाखवण्याइतकीही आमची ओळख नव्हती.

मग पहिला भाग आला. सासरची सगळी मंडळी मिळून अकोल्याला पाहायला गेलो. पडद्यावर दोन साडू पाटासाठी एकमेकांना ढकलत होते आणि आमचे सासरे हसून हसून खोकत होते. बाहेर आल्यावर साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला टोमणा मारला. "आमच्या अकोल्याचा कसा भारी पडला, पाह्यलं ना?" मी म्हणालो, "उन्हानं डोकं तापलं की माणूस भारी पडल्यासारखा वाटतो." ते इतके खूश झाले की त्यांनी मला पान दिलं. तेव्हापासून आमचं भांडण जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. नवा भाग आला की एकदा अकोल्यात पाहायचा, एकदा अमरावतीत, हा आमचा करार. मधल्या काळात फोनवर जुन्या भागांचा कीस. खरं सांगायचं तर माझ्या सख्ख्या भावाशी माझं इतकं बोलणं होत नाही. त्यामुळे सिनेमा विकला म्हटल्यावर मी घाबरलो तो मराठी चित्रपटसृष्टीच्या काळजीने नव्हे. हा सिनेमा बिघडला की आम्ही दोघं परत पंख्याखाली बसणार, हे मला दिसत होतं.

चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सुतकच पडलं. कोणी म्हणे अमरावतीचा साडू आता पुण्याचा करणार. कोणी म्हणे गाणी परदेशात. एकाने छातीठोकपणे सांगितलं, की अकोल्याच्या साडूला उडता येणार आहे. मी आशावादी गटात होतो. म्हटलं, पैसा येईल, आवाज सुधारेल, कुत्रं जाईल. साडू निराशावाद्यांचे पुढारी.

"नवा मालक आला का पयले चव जाते," ते म्हणाले. "तुमच्याइकडच्या त्या गिल्या वड्याच्या दुकानाचं काय झालं? पोरानं हातात घेतलं आन् वड्यावर पांढरी चटनी टाकून राहिला. कायची व्हय ते?"

"मेयोनीज."

"तेच. आता साडूवरही टाकतीन."

दह्यात भिजवलेला आमचा तो गिला वडा मीही मेयोनीजसकट खाल्ला होता.

जुन्या मालकांना जाब विचारायला आम्ही गेलो नाही. त्यांचं वय झालं होतं, मुलांना यात रस नव्हता, त्यांनी विकून मोकळं व्हायचं ठरवलं. त्यात चूक काही नव्हती. पण साडूंनी मुंबईच्या नव्या कंपनीच्या पानावर प्रत्येक पोस्टखाली लिहायचा सपाटा लावला. 'आम्ही खरे साडू आहोत, आम्हाला विचारा.' आणि गंमत म्हणजे त्यांनी खरंच विचारलं. चाहत्यांशी बोलायला कंपनीची दोन तरुण माणसं अमरावतीला आली, एक मुलगी आणि एक मुलगा, आणि आम्हा दोघांना एका हॉटेलात बोलावणं आलं.

आम्ही तयारीने गेलो. म्हणजे लिफ्टमध्ये आमचं भांडण झालं, आधी कोण बोलणार यावरून. साडू म्हणाले थोरला मी आहे. मी म्हणालो गाव माझं आहे. दार उघडलं तेव्हा दोघांचेही चेहरे लाल होते.

आणि आत गेल्यावर आम्हाला काय झालं, ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. परक्यासमोर घरातलं भांडण काढायचं नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. घरात एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ पाहुणा आला की एका ताटात जेवतात. त्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, तुम्ही रिअल लाइफमध्येपण असेच भांडता का?"

साडू हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "छे वो बाई. आमच्यात तसं काई नाई. अकोला काय, अमरावती काय, दोनी गावं एकच."

हे मला मुळीच मान्य नव्हतं. पण माझ्या तोंडून निघालं, "भाऊ म्हणतात तेच बरोबर आहे."

मग आम्ही सुटलोच. त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली उघडून दिली. मी त्यांना एसीखालची खुर्ची दिली. त्यांनी माझ्या शिकवण्याची तारीफ केली, मी त्यांच्या स्वभावाची. मुलगा फोटो काढत होता तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. मुलीचे डोळे भरून आले असावेत. निदान ती "सो स्वीट" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि लॅपटॉपवर भराभर टाइप करत होती. दोघंही साडू सिनेमात राहिले पाहिजेत, एवढी मागणी तेवढी आम्ही न विसरता केली. ती म्हणाली, शंभर टक्के.

बाहेर आल्यावर आम्हाला वाटलं, आपण सिनेमा वाचवला. त्या आनंदात पांढरी चटणी नसलेल्या वड्याचं दुकान शोधलं आणि वडा जास्त चांगला अमरावतीचा की कचोरी जास्त चांगली अकोल्याची यावर बसस्टँडपर्यंत भांडत गेलो.

चौथा भाग आला तेव्हा पाळी अकोल्याची होती. थिएटर गच्च. आमच्या सिनेमाला अकोल्याचे लोक डावीकडे बसतात, अमरावतीकडून आलेले उजवीकडे, आणि आपला साडू हरला की दुसऱ्या बाजूला फुटाणे फेकायचे ही रीत आहे. साडूंनी दोन्ही खिसे भरून आणले होते. करार असल्याने मी त्यांच्याशेजारी, म्हणजे शत्रूच्या गोटात.

सिनेमा सुरू झाला. आवाज काय सुरेख, पानाची सळसळ ऐकू येत होती. नट तेच, बोली तीच, उडणं वगैरे काही नाही. पण दोन साडू एका बंगल्यात राहत होते. सकाळी शेजारीशेजारी बसून योगासनं करत होते. अकोल्याच्या साडूने अमरावतीच्या साडूला चहात साखर घालून दिली. लोक वाट पाहू लागले, की आता हा चहा त्याच्या अंगावर सांडेल. सांडला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "हे काय होऊन राहिलं बावा?"

मग पडद्यावरचा अकोल्याचा साडू म्हणाला, "अकोला काय, अमरावती काय, दोनी गावं एकच." आणि दुसरा हात जोडून म्हणाला, "भाऊ म्हणतात तेच बरोबर आहे."

अंधारात माझे साडू हळूहळू माझ्याकडे वळले. मी पडद्याकडेच पाहत राहिलो. मध्यंतरापर्यंत ना त्यांचा एक फुटाणा बाहेर आला ना कोणाची शिटी.

नव्या मालकाने आमचा सिनेमा बिघडवला असं म्हणायची सोय नव्हती. त्याने आम्हाला विचारलं होतं, आणि आम्ही जे दाखवलं ते त्याने प्रामाणिकपणे पडद्यावर ठेवलं होतं.

सिनेमा संपल्यावर बाहेर चहा घेतला. मी वाट पाहत होतो, की आता साडू मला धुऊन काढतील. ते म्हणाले, "आपलंच चुकलं." मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "तुमचा काई दोष नाई." तेव्हा मला खरी भीती वाटली. माझ्या साडूंनी माझा दोष नाही म्हणणं याच्याइतकं वाईट लक्षण नाही. ते स्टँडवर सोडायला आले, बस सुटेपर्यंत थांबले, आणि खिडकीतून म्हणाले, "पाऊस कसा तिकडं?"

मी म्हणालो, "बरा आहे," आणि बस निघाली.

मग फोन बंद झाले. ग्रुपवर लोक कंपनीला शिव्या देत होते. आम्ही दोघंही त्यात गप्प. बायको म्हणाली, तुम्हीच करा ना फोन. मी मोबाइल हातात घ्यायचो आणि काय बोलावं ते सुचायचं नाही. पाऊस बरा आहे, असं सांगायला माणूस फोन करत नाही. मला त्यांची आठवण येत होती आणि ती कोणाला सांगावी अशी माझ्या वयाची गोष्ट नव्हती.

एका रविवारी दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात दार वाजलं. साडू उभे. घामाने शर्ट चिकटलेला, हातात पिशवी. दिवाळी दूर होती, कोणाचं लग्न नव्हतं, कोणी गेलंही नव्हतं. मी म्हणालो, या, पाणी घ्या.

"पानी मंग." ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. "पयले सांगा. म्या एक बोललो तं बोललो. त्याच्यावर 'बरोबर आहे' म्हनाची तुमाले काय गरज होती? जन्मात कधी म्हनलं नाई अन् त्या दिवशीच काहून म्हनलं?"

"आणि गावं एकच हाय, हे कोन म्हनलं होतं?" मीही त्यांच्याच बोलीत भडकलो.

"म्या पाहुन्यासमोर म्हनलं."

"मी काय भिंतीसमोर म्हनलं?"

आवाज इतके चढले की समोरच्या घराची खिडकी उघडली. बायको धावत बाहेर आली, त्यांना पाहून घाबरली. "भाऊजी, इतक्या उन्हात? काही काम निघालं का इकडं?"

साडूंनी रुमालाने मान पुसली आणि जरा ओशाळून खाली पाहिलं.

"काई नाई. याहिच्यासंग भांडाचं होतं. तिकडं करमून नाई राहिलं."