शिंदीच्या बेटात घातलेला हात

लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवी केरसुणी लागते. म्हणून दिवाळीआधी मी नि माझी सासू, जिला मी आत्या म्हणते, रोज ओढ्याला शिंदीची पानं कापायला जायचो. आमच्या जतकडं झाडं कमी, पण ओढ्याकाठी शिंदीची बेटं दाट. पानं वाळवायची, चिरायची, केरसुण्या बांधून बाजारात विकायच्या, हा आमचा धंदा.

त्या सकाळी बुडातलं पान ओढायला मी हात आत घातला आणि मनगटाला चटका बसला. त्याच वेळी खालच्या पाचोळ्यातून काहीतरी सरसरत गेलं. हात बाहेर काढला तर रक्ताचे दोन ठिपके, शेजारीशेजारी.

"आत्या, मला चावलं वाटतं."

"काटा आसंल. शिंदीला काय कमी काटे हाईत?" म्हणत तिनं हात धरला. ठिपके बघितले. मला बांधावर बसवलं. "हात हालवू नगंस," म्हणाली नि गाडी बघायला रस्त्याकडं पळाली. साठी उलटलेल्या आत्याला पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. खरी भीती मला तेव्हा वाटली.

शेजाऱ्याच्या जीपमधून मिरजेला जाताना मी नुसती हाताकडं बघत होते. जीभ जड झाली की काय, म्हणून मधेच लेकीचं नाव पुटपुटून बघायची.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "साप बघितला का?"

"न्हाई. सरसर ऐकली."

त्यांनी माझं रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं. "वीस मिनिटं ही नळी कुणी हलवू नका. रक्त गोठलं तर बरं. नाही गोठलं तर घोणसाचं विष आहे असं समजून औषध सुरू करू."

आत्या नळीकडं पाठ करून उभी राहिली. माझी नजर मात्र हटेना. शेवटी बाईंनी नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी चार-पाच वेळा तसंच रक्त घेतलं, आणि दर वेळी मी वीस मिनिटं मोजत बसायची. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "काटाच असावा."

नंतर ओढ्यावर गेले, पण हात बेटात जाईना. आत्या म्हणाली, "तू घरी बांधत बस. पानं मी आणती."

आता ती काठीनं बेट झोडपून मगच पानं कापते. तरी ती परत येईपर्यंत माझं लक्ष केरसुणीत नसतं, रस्त्याकडं असतं.