तायडे सर आणि कडुनिंबाचा कट्टा

तायडे सरांची आणि माझी पहिली भेट वैशाखातल्या भर दुपारी अकोल्यातल्या एका चौकात झाली. चौक नव्याने सजवायचा होता. मी नुकताच वास्तुविशारद झालेलो, आणि सल्लागार म्हणून आलेले सर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून स्वस्थ बसलेले. काम कधी सुरू करायचे, असे मी विचारले.

"हेच तं काम हाय. बसा."

लोक कुठे टेकतात, सावली कुठे सरकते, हे बसून पाहिल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही, हा सरांचा शिरस्ता. त्यापायी माझी किती कामे रखडली, हे सरांच्या या गौरवग्रंथात लिहू नये, पण लिहितो. मला ऊन लागले तेव्हा सर रोज पन्हे घेऊन घरी येत. तब्येतीची चौकशी करत आणि लगेच, "मंग, तिकडे सावली किती वाजता येते?"

त्या चौकात महापालिकेच्या साहेबांना चकचकीत ग्रॅनाइटची बाके हवी होती, तीही उन्हात. सरांनी वाद घातला नाही. नमुन्याची लादी भर दुपारी मांडली आणि अदबीने म्हणाले, "बसा न साहेब." साहेब बसले आणि तसेच ताडकन उठले. बाके लाकडाची झाली, कडुनिंबाला कट्टा मिळाला. आज संध्याकाळी तिथे भाजी निवडणाऱ्या बायका, पेन्शनर आणि अभ्यास टाळणारी पोरे अशी दाटी असते.

सरांच्या पंच्याहत्तरीचा सोहळा तिथेच करायचे आमच्या सत्कार समितीने ठरवले. मांडव, व्यासपीठ, दोऱ्या. कट्टा दोन दिवस बंद. सरांची संमती आणायला मला पाठवले. जन्मभर एकच गोष्ट शिकवूनही आम्हांला ती कळू नये, याचा संताप प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"लोकायले उठवून मले बसवून राहिले का तुमी? मंग मी येत नाई."

समिती वैतागली, मीही वैतागलो. हार, शाल, पाहुणे सगळे ठरलेले! शेवटी मांडव रद्द झाला. आता जो तो जागा मिळेल तिथे बसेल आणि सरांना हार बायकांच्या भाजीच्या टोपल्यांमधून वाट काढत घालावा लागेल. असा गैरसोयीचा सत्कारमूर्ती मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतके प्रेम मी दुसऱ्या कोणावर केलेले नाही.

सरांना निरोगी शतायुष्य लाभो. त्यांच्या शंभरीला आम्ही सारे त्या चौकात जाऊ, तेव्हा कट्ट्यावर आम्हांला बसायला जागा मिळू नये.