मामाच्या गावाला गेलेली पोरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी दुधात पडलेल्या मुंगीपर्यंत सगळं सांगते. तुम्ही जरा ऐसपैस बसा. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

झालं काय, परवा नात म्हणाली, नवा ऑनलाइन गेम अजून बाजारात आलासुद्धा नाही आणि लाखांनी खपला! माझ्या तोंडून निघून गेलं, "खपला, का नुसता बुक झाला?" सगळे हसले. आजीला गेममधलं काय कळणार! मीही हसले.

मला कळत नाही होय? अहो, नव्वदीतली सांगलीची गेमवाली बाई होते मी! आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. हे मागच्या टेबलावर सोल्डरिंगच्या धुरात वाकलेले, आणि गल्ल्यावर मी. टीव्हीला जोडून खेळायचे गेम आले, तशा आम्ही त्यांच्या कॅसेटी ठेवायला लागलो. दुकानात एक टीव्ही पोरांसाठी लावूनच ठेवलेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी स्वतः रणगाडे उडवायची. पदर खोचून! हे मागून ओरडायचे, "अगं, चहा टाकणार आहेस का आज?" — कसला चहा?

तर एका दिवाळीआधी आमच्या पुण्याच्या व्यापाऱ्याने टूम काढली. नवी कॅसेट येणार, तिचं बुकिंग आधी घ्यायचं. बुकिंगला पिवळं कूपन. कॅसेट हातात दिली की डब्यावरचं लाल कूपन कापून ठेवायचं, आणि त्या गिऱ्हाइकाचं पिवळं फेकून द्यायचं. एका गिऱ्हाइकाचं एकच कूपन. दिवाळीत त्याचा माणूस येऊन मोजणार, आणि ज्याची कूपनं जास्त त्याला सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी.

मी मान डोलावली. पण माझं माहेर पडलं हळदपेठेतलं. तिथं रुमालाखाली हात घातला, बोटं दाबली, सौदा ठरला — की माल विकला! वजन काय, होईल सावकाश. तसं माझ्या डोक्यात पिवळं म्हणजे विक्री. आणि लाल? तीही विक्रीच की! दोन्ही आपली बिस्किटाच्या डब्यात. इथवर चूक होती. चुकीचं मला काही वाटत नाही, चूक सांगायला मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

शर्यतीत खरी दुकानं दोनच. दुसरं साताऱ्याचं, सुभेदारांचं. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी दुकान टाकलेलं. मिशा अशा, की पोरं आधी घाबरायची — मग त्यांनाच गेममध्ये हरवायची! एजन्सी मिळाली की शेजारचा गाळा घ्यायचा आणि धाकट्या भावाला तिथं बसवायचा, हे त्यांचं ठरलेलं. सगळ्यांना सांगत सुटायचे.

मोजणीच्या आदल्या दिवशी ते हळद घ्यायला सांगलीत आले आणि चहाला दुकानात टेकले. बोलता बोलता म्हणाले, "आवं वैनी, पिवळं कूपन आमी लगेच फाडतो बगा. न्हाईतर एकच पोरगं दोनदा मोजल्यागत हुतंय. हजेरीला एकच जवान दोनदा उभा ऱ्हायला, तर चालंल व्हय?"

आणि मोठ्यानं हसले. मीही हसले. त्यांचा चहाचा कप त्या बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावरच ठेवलेला होता.

तेव्हा मला कळलं. नीट कळलं. ते गेल्यावर डबा उघडून पिवळी वेगळी काढायला कितीसा वेळ लागला असता? भाताला उकळी येईपर्यंत झालं असतं. मी भात लावला. डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याचा माणूस आला. कूपनं ओतली, मोजली. पिवळ्यांचा ढीग बघून त्याने मान वर केली आणि सरळ विचारलं, ह्या सगळ्यांनी कॅसेटी अजून नेल्याच नाहीत का? आता बघा — तिथं मला खरं बोलायला कुणी अडवलं होतं? कुणीही नाही. मी म्हणाले, "दिवाळीची सुट्टी ना! पोरं मामाच्या गावाला गेलीत. आली की नेतील."

किती सहज! जीभ जराही अडखळली नाही.

एजन्सी आम्हाला मिळाली. आठवड्याभरात सुभेदार कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. "वैनी, हारलो! पर हारलो ते वाघिणीकडनं!" मी त्यांच्या हातात भडंगाची पिशवी दिली. त्यापुढं कितीतरी वर्षं ते एसटीनं येऊन माझ्याकडून माल न्यायचे, मी सांगेन त्या दराने, आणि वर दुसऱ्या दुकानदारांना सांगायचे, इकायचं कसं ते सांगलीच्या वैनींकडनं शिका. त्यांच्या शेजारच्या गाळ्यात पिठाची गिरणी आली. त्यांचा धाकटा भाऊ इस्लामपूरकडे साखर कारखान्यावर लागला. हंगाम संपला की घरी बसायचा.

आमचं मात्र झकास चाललं. दुकानावर मजला चढला. मी रात्री झोपले नाही, अन्नावरची वासना उडाली — असं काही सांगू का? खोटं होईल. चांगली झोपले, चांगली जेवले.

सुभेदार आता थकलेत. दिवाळीला त्यांचे पेढे अजून येतात, माझं भडंग जातं. यंदाही आले. मी एकटीनेच निम्मा पुडा संपवला. गोडच लागले.

आणि ती मामाच्या गावाला गेलेली पोरं? मी ते बोलले तेव्हा माझ्या मागच्या टीव्हीपुढं बसून तीच कॅसेट खेळत होती. एक जिंकलं, तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या.