संदीपभाऊने तपासायला पाठवलेली पानं

लिहावं की नाही, यातच तीन आठवडे गेले. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. वडील रावेरला केळीच्या गाड्या भरतात. पेपरच्या पुरवणीत लिहिण्याएवढा मी कोणी नाही, आणि संदीपभाऊबद्दल लिहिण्याचा हक्क तर मला सगळ्यात कमी आहे. तरी लिहितोय. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

संदीपभाऊ माझा मावसभाऊ, अकरा वर्षांनी मोठा. धुळ्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करायचा. गेल्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत तो गेला. शाळेत त्याचे निबंध वर्गात वाचून दाखवायचे. मग इंजिनिअरिंग, नोकरी, आणि लिहिणं सुटलं ते सुटलंच. मागच्या वर्षी मी जळगावला होस्टेलवर असताना अचानक त्याचा फोन आला. "राजू, मी चार ओळींची सूचना लिहितो आणि ऑफिसातून चाळीस प्रश्न येतात रे. हात पार गंजलाय. उद्यापासून रोज एक पान मराठीत लिहिणार. तू तपासायचं." मी म्हटलं, "मी काय तपासणार, भाऊ?" तर म्हणाला, "आमच्याकडे एकाने केलेलं दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जातच नाही. तू माझा दुसरा. मराठी घेऊन बी.ए. तू करतोयस ना? फुकटचा मास्तर सोडतो का मी!"

रोज सकाळी, त्याचं काम सुरू व्हायच्या आधी, पान यायचं. पहिला महिना मला बरं वाटायचं, कारण पानं वाईट होती. हे लिहायला लाज वाटते... पण खरं आहे. मी लाल अक्षरांत चुका दाखवायचो, तो "हो मास्तर" म्हणायचा. त्याला पगार होता, गाडी होती, सगळ्या नातेवाइकांत नाव होतं. माझ्याजवळ एवढंच होतं, की कॉलेजच्या अंकात दोन कविता आल्या होत्या आणि सर मला 'आमचे लेखक' म्हणायचे. आणि मग त्याची पानं चांगली व्हायला लागली.

एक पान नानांवर होतं. नाना म्हणजे त्याचे वडील, दोंडाईच्याला मिरचीच्या गोदामात हमाल होते. संध्याकाळी घरी आले की दाराबाहेरूनच ओरडायचे, "सरका रे पोरेसहोन, मिरची उनी!" पोरं खोकत, हसत मागच्या खोलीत पळायची. नाना बाहेरच सदरा उतरवून अंघोळ करायचे आणि मगच पोरांना जवळ घ्यायचे, ओल्या हातांनी. एवढंच पान. मी ते मेसच्या रांगेत वाचलं आणि ताट तसंच ठेवून खोलीवर आलो. तीन वर्षं मराठी शिकून मला असं एक वाक्य जमलं नव्हतं, आणि हा माणूस सकाळी चहा पिता पिता लिहून मोकळा झाला होता...

मी ते तपासलं. नानांचं ओरडणं काढून तिथे लिहिलं, "मुलांनो, बाजूला व्हा, माझ्या अंगाला मिरची लागली आहे." बाकीची अहिराणीही सगळी पुसली. त्याचा फोन आला. "अरे, हे नाना वाटत नाहीत. तहसीलदार वाटतात!" मी हसलो नाही. म्हटलं, "भाऊ, छापून यायचं असेल तर अशीच भाषा लागते." तो म्हणाला, "बरं मास्तर." पान बिघडलंय हे मला कळत होतं का? कळत होतं.

ते त्याने एका दिवाळी अंकाला पाठवलं. पुढे महिनाभराने सहज म्हणाला, "नाही घेतलं त्यांनी. जाऊ दे." मी वाईट वाटल्यासारखं बोललो, आणि त्याच संध्याकाळी उत्साहाने नवी कविता लिहायला बसलो. त्याची पानं मात्र थांबली नाहीत. तापात पडायच्या आदल्या सकाळीही पान आलं होतं. एकदाही, एका शब्दानेही, मी 'छान' म्हटलं नाही.

गेल्या रविवारी धुळ्याला मावशीकडे गेलो होतो. त्याच्या बहिणीने, शीतलताईने, त्याचा लॅपटॉप उघडून मला संपादकांचं उत्तर दाखवलं. "अनुभव फार आवडला. पण वडील पुस्तकातल्यासारखे बोलतात. ते घरी जसे बोलायचे, तसं लिहून पाठवाल? आम्ही जागा ठेवतो." मी म्हटलं, "ताई, मूळ पान तर त्याच्याकडे तयार होतं. मग पाठवलं का नाही?"

ताई म्हणाली, "मी बी तेच म्हटलं त्याला. तर म्हणे, राजूनी इतकी मेहनत करी, त्याले वाईट वाटी."