सुतानं बांधलेलं छप्पर

भावोजी गेल्याचं मला कानांनी कळलं नाही. भिवंडीत कामतघरच्या आमच्या कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू असले की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं आम्ही हातांनी बोलतो. मी तिथं मेहता आहे, म्हणजे हजेरी आणि तागे लिहिणारा. त्या सकाळी ताईच्या शेजारचे युसूफचाचा दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा पंजा हळूच पालथा केला. लूम बंद कर, असं सांगायला आम्ही हीच खूण करतो... मी वही मिटली. लूम चालूच होते.

याला आता पाच आठवडे होतील. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वज्रेश्वरीकडच्या एका खेड्यातून तरुणपणी भिवंडीत आले आणि आयुष्यभर लूमवर उभे राहिले. मला या धंद्यात त्यांनीच आणलं. तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची, हे त्यांनी माझी बोटं धरून शिकवलं होतं. पुढे मी वहीवर बसलो आणि ते लूमवरच राहिले. सुताचा भुसा त्यांच्या छातीत साठत गेला. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की लूम सोडा, आणि पावसात भिजू तर मुळीच नका. भावोजींनी लूम सोडला. पण घरी नुसतं बसणं त्यांना जमेना, म्हणून गावाकडून सहा गावठी कोंबड्या आणल्या आणि चाळीच्या मागच्या परसात खुराडं बांधायला घेतलं.

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात, म्हणून मी मदतीला गेलो. सुताच्या रिकाम्या लाकडी पेट्या फोडून आम्ही चौकट केली, बाजूंना जाळी ठोकली. वर दोन नळीदार पत्रे. भावोजी पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "भोक उंचवट्यावर पाडायचं, सदू. नळीत पाडलंस तर पाणी सगलं कोंबड्यांच्या डोक्यावर." पण त्या भोकांत घालायचे हुकाचे बोल्ट आणायचे होते मी, धामणकर नाक्यावरून. आणि मी विसरलो होतो. उगाच दिवस वाया नको म्हणून मीच सुचवलं की बांधूनच टाकू. कापडाच्या कडेचं वाया गेलेलं सूत प्रत्येक लूमवाल्याच्या घरात असतंच. त्याला पीळ देऊन दोरी केली आणि चारही कोपरे आवळून बांधले.

"ये छत है या खटिया?" युसूफचाचांनी कुंपणापलीकडून विचारलं.

"आयुष्यभर सूत खाल्लं," भावोजी खोकत हसले, "आता छप्परबी सुताचंच. पण हे तात्पुरतं हां, सदू."

"पुढच्या शुक्रवारी बोल्ट बसवतो, भावोजी."

बोल्ट मी त्याच आठवड्यात आणले. आठ बोल्ट आणि त्यांचे रबरी वायसर. ते माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिले. पुढच्या शुक्रवारी एक लग्न होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी जेवून झोपलो. नंतरचे शुक्रवार कसे गेले, ते मला आठवतसुद्धा नाही. भेटले की भावोजी विचारायचे, "काय मेहताजी, आमच्या छपराची तारीख पडली का?" मी हसायचो. मग पावसाळा लागला आणि एक विचित्र गोष्ट झाली. भिजल्यावर सुताच्या गाठी आणखी घट्ट झाल्या. लूमवाल्याला यात नवल नाही. धागा तुटू नये म्हणून आम्ही कारखान्यात जमिनीवर पाणी शिंपडतो. ओलं सूत मजबूत, हे आमच्या हाडात भिनलेलं. मी गाठ ओढून पाहिली आणि निर्धास्त झालो. बांबूवर छप्पर घालणाऱ्या कुठल्याही गावकऱ्यानं सांगितलं असतं की ओलं सूत आतून कुजतं. आम्हा दोघांच्याही ते डोक्यात आलं नाही.

पाऊस संपला, ऊन पडलं, सूत वाळलं. आणि मग एका दुपारी परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. ताई रॉकेलच्या रांगेत होती. कुजलेल्या दोऱ्या तटातट तुटल्या आणि एक पत्रा उडून गटारात पडला. दुसऱ्यावर भावोजी दोन्ही हात टाकून ओणवे उभे राहिले, आणि ताई येईपर्यंत तसेच भिजत उभे होते. पत्र्याच्या कडेनं तळवे चिरले होते.

"अहो, सोडा तो पत्रा!"

"सोडला तर उडंल."

सहाही कोंबड्या वाचल्या.

त्या तापातून ते उठले नाहीत. खोकला, इस्पितळ, घर, पुन्हा इस्पितळ, असं थंडीभर चाललं. एकदा ताई पाणी आणायला गेली तेव्हा मी खाटेजवळ सरकलो. "भावोजी, ते बोल्ट..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "हिला मी सांगितलंय, सदूनं बोल्ट आणलेले, मीच नको बोललो. भोकं पाडली की पत्रा गंजतो, असं सांगितलंय." दम लागला म्हणून थांबले. "आता तू तोंड उघडू नको. भाऊ एकच हाय तिला."

मी तोंड उघडलं नाही. मला ते सोयीचंच होतं, हेही इथं लिहून टाकतो.

ते गेल्यावर माणसं भेटायला येत राहिली आणि ताई प्रत्येकाला तेच सांगत राहिली. "हट्टी माणूस. माझा भाऊ बोल्ट घेऊन आला होता हो, यांनीच लावू दिले नाहीत. स्वतःच्या हट्टापायी गेले." रडतानाही तिच्या आवाजात राग असायचा. मी शेजारी मान खाली घालून बसायचो. लोकांना वाटायचं, मेहुण्याला फार लागलंय.

तेरावं झाल्यावरच्या शुक्रवारी मी बोल्ट घेऊन गेलो. भोकं उंचवट्यावर पाडली, वायसर घातले, आठही बोल्ट आवळले. काम तासाभरात झालं. तेवढंच होतं ते. कोंबड्या ताईनं आधीच देऊन टाकल्या होत्या. मी रिकाम्या खुराड्यावर छप्पर बसवलं. तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हेच तेव्हा यांनी करू दिलं असतं तुला..."

ताईला वाचता येत नाही. दर रविवारी सकाळी भावोजी खिडकीजवळ पाट टाकून वर्तमानपत्राची ही पुरवणी, जिच्यासाठी मी हे लिहितो आहे, तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचे. चाळीत बाकीची घरं उर्दू वाचणारी, त्यामुळं ते काम आता माझ्याकडे आलं आहे. पाट तिनं हलवलेला नाही. मला त्याच्यावरच बसवते. भावोजी एक ओळही गाळायचे नाहीत, मी मात्र भरभर वाचतो, अशी तिची तक्रार आहे. हे पान छापून येईल त्या रविवारीही ती समोर बसेल. मी ते मोठ्यानं वाचीन, असं आज लिहिताना वाटतं. पण पुढच्या शुक्रवारी बोल्ट बसवतो, असं म्हणालो तेव्हाही मला असंच वाटलं होतं.